विमान रिकामं उतरलं पाहिजे

बाईंचं आणि माझं नातं रक्तावरून जुळलं. म्हणजे मी त्यांचं रक्त काढलं. वर्ध्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तेव्हा नुकतीच लागले होते. लग्न होऊन बोरगाव मेघेला आले त्यालाही फार दिवस झाले नव्हते, आणि सकाळी उपाशीपोटी येणाऱ्या माणसांच्या शिरा शोधणं एवढाच माझा जगाशी संबंध होता. एक दिवस एक बाई आल्या. बारीक कापलेले पांढरे केस, सुती कुर्ता, सलवार आणि पायांत पोलिसांचे असतात तसे जाडजूड बूट. बाही वर करून त्यांनी हात असा पुढे केला, की तपासून घ्यायला मीच त्यांच्याकडे आले आहे असं वाटावं.

रक्त घेतलं, कापसाचा बोळा दिला आणि म्हटलं, "दाबून धरा." बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, हात बाहेर काढला आणि बोळा सोडून दिला. लॅब पहिल्या मजल्यावर. बोळा कुठे जातो ते त्या मान वाकडी करून बघत राहिल्या. इकडे रक्ताचा ओघळ मनगटाकडे निघालेला.

"अहो काकू, रक्त!"

"येऊ दे. वारा पाह्य कसा हाये. वरून ओढून राह्यला, अन् खाली काईच नाई." मग माझ्याकडे वळून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुले उंचीचं भेव वाट्टे का वो?"

"नाही."

"मंग कायचं वाट्टे?"

"सासूबाईंचं," माझ्या तोंडून निघून गेलं. बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट आत डोकावले. "रविवारी सुट्टी असन ना तुले? सकाळी एसटी स्टँडवर येजो," असं म्हणून त्या निघाल्या. जाताना दुसरा बोळा मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतला, आणि तोही दंडाला न लावता पर्समध्ये टाकला.

बाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या शिक्षिका होत्या. कॉलेजात असताना एनसीसीतून त्यांना लष्कराच्या विमानातून पॅराशूटनं उडी मारायला मिळाली, आणि तेव्हापासून जमिनीवरच्या कुठल्याच गोष्टीत त्यांचा जीव रमला नाही. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर सांगायच्या, "पाहाले आलेला पोट्टा म्हने, लग्नानंतर उड्या बंद करा लागतीन. मी म्हनलं, चहा घ्या अन् या." नोकरीभर त्यांनी मुलींना कवायत, लेझीम आणि लांब उडी शिकवली. निवृत्त झाल्यावर मात्र आपल्यासारखीच चार वेडी माणसं गोळा केली. दर हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या एका लहानशा हवाई पट्टीवर आठवडाभराचं शिबिर, भाड्याचं छोटं विमान, आणि उरलेलं वर्षभर रविवारी जमिनीवरची तालीम. ही तालीम चालायची कारंजा घाडगेला, हायवेवरच्या एका ढाब्यामागच्या वावरात. वावर आणि ढाबा दोन्ही ज्यांचे, ते आमचे ढाबेवाले दादा. बाईंचे पहिले चेले. माणूस भला, पण आपण पहिले चेले आहोत हे दर रविवारी एकदा तरी सांगणारा.

पॅराशूटला बाई छत्री म्हणत, म्हणून आम्ही सगळेच छत्री म्हणायचो. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला आमचं बोलणं ऐकून फार गोंधळायला व्हायचं. भर उन्हाळ्यात ही माणसं छत्रीच्या दोऱ्यांबद्दल का भांडतायत, हे त्याला कळत नसे.

बाईंच्या पर्समध्ये कायम रुई असायची. कापसाच्या जिल्ह्यात तिला काय तोटा! बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या असल्या की जाता जाता एका बोंडातलं चिमूटभर काढून घ्यायच्या, आणि गाडीवाल्यानं बघितलं तर त्यालाच वारा कुठला आहे ते विचारायच्या. मग ती चिमूट कुठेही सोडायची. एसटी स्टँडवर, बँकेच्या दारात, लग्नाच्या मांडवात. एकदा अक्षतांच्या वेळी सगळे तांदूळ टाकत होते आणि बाई रुई. नवरीच्या आईनं विचारलं तर म्हणाल्या, "पोरगी सासरी चालली. वारा कोनीकडचा हाये ते नाई पाहाव लागत?" त्यांचं म्हणणं एकच होतं. वारा आधी पाहायचा आणि पाऊल मग उचलायचं. हिंमत हा शब्द त्यांना अजिबात खपत नसे. कोणी म्हटलं, "बाई, काय हिंमत तुमची!" की लगेच, "हिंमत-बिंमत काई नसते. सवय असते."

पहिल्या रविवारी मी घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगून गेले. दुसऱ्या रविवारी ते जमेना. सासूबाईंना खरं सांगायचं म्हणजे माझी पाचावर धारण बसलेली. बाईंना हे सांगितलं तर त्या त्याच संध्याकाळी घरी हजर. दार सासूबाईंनी उघडलं, आणि मी बघतच राहिले. सासूबाई एकदम सरळ उभ्या. नुसत्या उभ्या नाही, सावधान. बाई नोकरीला लागल्या तेव्हाच्या पहिल्या वर्गात सासूबाई होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

भानावर येऊन सासूबाई पाया पडायला वाकल्या. त्या वाकल्या म्हणून सवयीनं मीही वाकले. बाई झटकन मागे सरकल्या. "ते नोको. बस."

सासूबाई बसल्या.

"तुह्या सुनेले मी दर रविवारी कारंज्याले नेऊन राह्यली. हिवाळ्यात विमानातून उडी मारन."

"हो बाई," सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळानं, अगदी हळू, "बाई, पडली त?"

"तू पीटीत सदा पडत होती. मेली का?"

एवढ्यावर माझी परवानगी मंजूर झाली. नवऱ्याला तर विचारायचं राहूनच गेलं. तो आतून चहा घेऊन आला तेव्हा सगळं ठरलं होतं.

कारंज्याची तालीम पाहिली असती तर शहरातल्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला असता. वावरात एक बंडी होती. बैल जुंपून दादा ती हळूहळू हाकायचे आणि आम्ही चालत्या बंडीच्या मागच्या बाजूनं सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुसकटाच्या ढिगात, उड्या टाकायच्या. जमिनीवर उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटलेले पाहिजेत, नाही तर पाय मोडतो. हे अंगात भिनावं म्हणून बाई प्रत्येकाच्या गुडघ्यांत एक लिंबू धरायला लावत. लिंबू पडलं की उडी बाद. पडलेली लिंबं दादा उचलून ढाब्यावर नेत, आणि दुपारी ट्रकवाल्यांच्या वरणात ती पिळली जात. ती कुठून आली हे त्या बिचाऱ्यांना कधी कळलं नाही. पहिल्या महिन्यात ढाब्याला लिंबांचा बहुतेक पुरवठा माझ्याकडूनच झाला.

दुसरा पाठ कमानीचा. बाजेवर पालथं पडायचं आणि हात, पाय, मान सगळं मागे उचलायचं. पोट तेवढं बाजेला. "विमानातून सुटल्यावर आंग असंच पाह्यजे. कमान केली त पोटावर सरळ जाशीन. वाकशीन त गोल गोल फिरशीन." मी आपली बाजेवर कमान करून डोळे मिटायचे की बाईंची काडी पायाला लागायची. "डोये उघड. समोर पाह्य."

आणि तिसरा पाठ एसटीत. आम्ही नवखे उडी मारायचो तेव्हा पाठीवरच्या मोठ्या छत्रीचा पट्टा विमानालाच अडकवलेला असतो. तो आपोआप ती ओढून उघडतो, आपल्याला काही करावं लागत नाही. पण ती उघडली नाहीच तर छातीवर एक लहान राखीव छत्री असते, आणि तिला ओढायचं हँडल. विमानात हलताना उजवा हात त्या हँडलवर झाकूनच ठेवायचा. ते चुकून कशात अडकता कामा नये. ही सवय लागावी म्हणून बाई मला छातीवर दप्तर बांधून वर्धा-आर्वी-कारंजा असा प्रवास करायला लावत, एक हात दप्तरावर. कंडक्टरला वाटायचं माझ्याकडे सोनं आहे. एकदा त्यानं सीट सोडून दिली आणि हळूच म्हणाला, "ताई, इथं बसा, गर्दीत नोका उभ्या राहू." बाई म्हणाल्या, "राहू दे उभी. तिले शिकवून राह्यली मी."

बाईंनी मला शाबासकी कधी दिली नाही. त्यांचा सगळ्यात मोठा शब्द "चालते." तो मिळायला मला चार महिने लागले. त्या दिवशी मी घरी येऊन सासूबाईंना पुरणपोळी करायला लावली.

पण बाकीच्यांत माझी काही जागा नव्हती. कोणी बँकेतले, कोणी मास्तर, कोणाचे ट्रक. सगळे पुरुष आणि सगळे उडी मारून आलेले. त्यांच्या गप्पा हातांनी चालायच्या. एक तळहात विमान, दुसऱ्या हाताची बोटं माणूस. मी ऐकायचे, पण माझ्या हातांना सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यात त्यांच्यात एक शब्द होता, 'बसून'. दारापर्यंत जाऊन जो उडी न मारता विमानाबरोबर खाली येतो, तो बसून आला. त्याला कोणी काही बोलायचं नाही. फक्त जेवताना तो आपोआप सतरंजीच्या कडेला जायचा आणि पुढच्या वर्षी यायचाच नाही.

बाईंचा अभिमान याच शब्दावर उभा होता. नवख्यांना सोडायला त्या वर जात आणि विमानातून परत येत, ती त्यांच्या लेखी ड्यूटी. पण स्वतःच्या उडीसाठी बाई वर गेल्या, की विमान रिकामं उतरलं पाहिजे. आयुष्यात एकदाही त्या बसून आल्या नव्हत्या. आणि हे त्या कोणालाही सांगत. कंडक्टरला, भाजीवाल्याला, माझ्या लॅबच्या डॉक्टरांनासुद्धा. "विमानानं मले नेलं लय वेळा, आनलं नाई एकदाबी." डॉक्टर बिचारे साखरेबद्दल बोलत असायचे.

त्या हिवाळ्यात शिबिराला निघतानाच बाईंनी जाहीर केलं होतं की ही शेवटची उडी. गुडघे थकले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. शेवटच्या दिवशी सकाळी शेवटच्या फेरीत बाई उंचावरून उडी मारणार आणि मग फक्त शिकवणार. दादांनी गावातून झेंडूचे हार सांगून ठेवले होते.

माझी उडी त्याच्या आदल्या दिवशी होती. विमान एवढंसं. दार काढून ठेवलेलं, खुर्च्या काढून टाकलेल्या, आम्ही खाली मांडी घालून बसलेले. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर खुणेनं. बाई दाराच्या कडेला. माझ्याबरोबरचे दोघं नवखे एकामागून एक गेले. दाराच्या चौकटीत एक माणूस असतो आणि पुढच्या क्षणी नसतो. मग बाईंनी माझा पट्टा ओढून दाखवला, नीट अडकलेला आहे म्हणून, आणि बोटानं खूण केली. पुढे ये.

मी गुडघ्यांवर सरकत पुढे आले. तेव्हा मला काय वाटलं ते मी आजही नेमकं सांगू शकते. भीती नव्हती. फार बरं वाटलं. वाटलं, आजवर जे केलं ते कोणी ना कोणी सांगितलं म्हणून केलं. शिक्षण, लग्न, नोकरी. हे एक माझं आहे. आणि आपल्याकडे चांगल्या कामाला निघालेलं माणूस काय करतं? परीक्षेला जाताना, माहेराहून निघताना, नवी गाडी आणल्यावर काय करतं? मी हँडलवरचा हात काढला आणि बाईंच्या पाया पडायला वाकले.

पुढचं क्षणात झालं. बाईंनी मला छातीच्या पट्ट्यांना धरून उचललं आणि विमानाच्या भिंतीवर आदळलं. माझ्या राखीव छत्रीच्या हँडलवर त्यांनी स्वतःचा तळवा असा दाबून धरला की छाती दुखायला लागली. पायलटकडे वळून ओरडल्या, "नीचे!" उतरेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

मी बसून आले होते.

तंबूमागे नेऊन त्यांनी मला सांगितलं ते असं. "तू वाकली तवा तुह्यं हँडल माह्या बुटाच्या लेसपाशी आलतं. अडकलं असतं त छत्री उघडून दाराच्या भायेर गेली असती अन् विमानाच्या शेपटीले गुंडाळली असती. तू, मी अन् पायलट. तिघंबी." सांगता सांगता त्या खाली बसून बुटाची लेस सोडायला लागल्या होत्या, आणि गाठ त्यांना सुटत नव्हती. बाईंना एखादी गाठ सुटली नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मला जी भीती वाटली ती विमानाच्या दारातही वाटली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुह्यं काय चुकलं? तुह्या घरी मी पाहून आलती, तुले सवय हाये वाकाची. बंडीवरून उतरनं शिकवलं, लिंबू धरनं शिकवलं, अन् हे मोडाचं राहून गेलं. शिकवनारी मी हाये." आणि मग चिडून, "जा, चहा पी."

मी चहा प्यायला गेले आणि दादांना खरं काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कपात एक चमचा साखर जास्त टाकली आणि मायेनं म्हणाले, "हो, हो. होते असं, ताई. मागच्या साली एकाले पट्टा टोचून राह्यला होता. त्याच्या आंधीच्या साली एकाच्या पोटात कळ आलती." तेव्हा मला कळलं की बसून आलेल्या प्रत्येकाजवळ एक कारण असतं आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसत नसतो. माझं कारण खरं होतं, एवढाच काय तो फरक. संध्याकाळी जेवणं झाली तेव्हा सगळे सतरंजीवर तळहातांची विमानं उडवत होते आणि मी चुलीपाशी लसूण सोलत बसले होते. मला कोणी तिकडे जा म्हटलं नव्हतं. मी आपणहून गेले होते, आणि पुढच्या वर्षी यायचं नाही हेही सोलता सोलता ठरवून टाकलं होतं.

सकाळी बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शेवटच्या फेरीत माह्यासंगं ही येनार. आंधी हिले सोडतो, मंग वर जाऊन मी."

दादांच्या हातात हारांची पिशवी होती. ते बाजूला आले. "बाई, राग नोका येऊ देऊ. पन ही जर दारातून परत फिरली, त तुमाले हिले घेऊन खाली या लागन. तुमची शेवटची उडी हाये जी."

"ती नाई फिरत. तू हारायची चिंता कर, ऊन लागून राह्यलं त्यायले."

या वेळी विमानात आम्ही दोघीच, आणि पुढे पायलट. बाईंच्या पाठीवर त्यांची स्वतःची छत्री होती. विमान माझ्या उंचीवर आलं. बाईंनी पट्टा ओढून दाखवला. मी हँडलवर हात झाकून पुढे सरकले आणि थांबले. बाईंनी माझ्या हनुवटीला धरून मान वर केली. "समोर पाह्य." समोर त्यांचाच चेहरा होता. सुरकुतलेला, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलेला, आणि अजिबात काळजी नसलेला. "नीघ," त्या म्हणाल्या.

मी निघाले. पाय बाहेरच्या पायरीवर ठेवला तेव्हा वाऱ्यानं तो उचलून घेतला. हात सोडले. कमान केली. आभाळ आणि विमानाचं पोट दिसलं, खांद्यांना एक जोराचा हिसका बसला आणि सगळा आवाज बंद झाला. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वर माझी छत्री पूर्ण उघडलेली. खाली हिरवी-पिवळी वावरं, एक बारीक नदी, पट्टीच्या कडेला उंदराएवढे आमचे लोक. मी ओरडले. काय ओरडले? माझं नाव. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. आसपास ऐकायला कोणी नव्हतं म्हणून पुन्हा एकदा ओरडले.

गुडघे जुळवून उतरले, कुशीवर लोळले आणि उभी राहिले. दादा धावत आले आणि त्यांनी माझा हात धरून गदागदा हलवला. "वा ताई! वा! झकास!" मी छत्री गोळा करत वर बघायला लागले. सगळेच वर बघत होते. आता विमान गोल गोल घिरट्या घेत उंच जाणार आणि त्यातून एक ठिपका सुटणार. बँकेतले गृहस्थ मोबाइल धरून तयार.

विमान वर गेलं नाही. ते खाली यायला लागलं.

पट्टीवर उतरलं, आणि नेहमीच्या जागी न थांबता सरळ तंबूपर्यंत आलं. पंखा थांबला. दारातून आधी बूट आले आणि मग बाई. पाठीवर छत्री तशीच बांधलेली. सगळ्यांसमोरून त्या ताठ मानेनं चालत आल्या. हारांची पिशवी धरून उभ्या असलेल्या दादांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"काऊन जी, बाई? काय झालं?"

"वारा होता."

आमच्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. वारा दाखवणारं लांब कापडी नळकांडं खांबावर वाळत घातलेल्या पायजम्यासारखं निवांत लोंबत होतं. मी आत्ताच त्या हवेतून आले होते. पान हलत नव्हतं.

"वारा कुठीसा हाये, बाई?"

"खाली नाई. वर हाये. तू वर होता का?" बाईंनी हेल्मेट काढलं, पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि सगळ्यांकडे एकेकावर थांबत पाहिलं. शाळेत हजेरी घेताना बघत असतील तसं. "त मी बसून आली. आता मी काय करू? चुलीपाशी लसून सोलू?"

दादांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून हार काढला तर बाई त्यांच्यावरच डाफरल्या, "मले कायले घालतं? मी काय केलं?" मग तो हार दसऱ्याला गाडीला घालतो तसा विमानाच्या चाकाला घातला गेला. दुपारी मी सतरंजीवर मधोमध बसून जेवले, आणि माझा तळहात विमान झाला. बाई माझ्या शेजारी होत्या. मी फारच हातवारे करायला लागले तेव्हा म्हणाल्या, "जेव आता. चालते."

त्यानंतर बाईंनी उडी मारली नाही. पुढच्या हिवाळ्यात गुडघ्यांनी त्यांना विमानाची पायरीही चढू दिली नाही. पण शिबिराला त्या येत. खुर्ची टाकून पट्टीच्या कडेला बसत आणि वर जाणाऱ्या प्रत्येकावर ओरडत. त्यांच्या बढाईतलं ते वाक्य मात्र मी पुन्हा कधी ऐकलं नाही. भाजीवाल्यालाही आता त्या फक्त भाव विचारत. आणि आमच्यात कोणी उडी न मारता परत आलं, तर त्याला सतरंजीच्या कडेला जाऊ द्यायची कोणाची छाती झाली नाही. दादाच उठून त्याला मध्ये बसवायचे. मी दोन-तीनदा एकांतात विषय काढला. "बाई, त्या दिवशी वारा नव्हता." बाई म्हणायच्या, "तू तवा खाली गेलती. तुले काय माईत वरचं?"

मग साखरेनं बाईंना नेलं. त्यानंतरच्या पहिल्या शिबिरात नवख्यांना सोडायला मी वर जाऊ लागले होते. एका फेरीनंतर विमानाच्या सावलीत पायलट आणि मी पाणी पीत होतो. तोच पायलट, तेच विमान. बाईंचा विषय निघाला आणि मी सहज विचारलं, त्या दिवशी वर खरंच वारा होता का?

त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "मैडम ने मना किया था बताने को," तो म्हणाला. "अब मैडम नहीं हैं तो बता रहा हूँ. हवा बिल्कुल नहीं थी. आपकी छतरी खुली, उन्होंने झुक के देखा, और बोलीं, बेटा, नीचे ले चल. मैंने कहा, मैडम, आज तो आपका आख़िरी जंप है. बोलीं, हो गया मेरा. और सुन, तंबू के बिल्कुल सामने रोकना. सबको दिखना चाहिए."

मी तिथेच विमानाच्या चाकाला टेकून खाली बसले आणि रडले, आणि रडताना माझी मान इतकी ताठ होती की पायलट घाबरला. वर्ध्यात मला पुष्कळजण विचारतात, ताई, तुमच्या उड्या किती झाल्या? मी आकडा सांगते तेव्हा त्यात एक जास्तीची धरते. ती बाईंची.